बासष्ट काळ्या पिशव्या

गुनवॉरने चावी काउंटरवर ठेवली, पण तिच्यावरचा हात काही उचलला नाही.

“खरं सांग रिस्टेन, गाडी कशाला हवीय तुला?”

“फॉर्मवर लिहिलंय.”

गुनवॉरने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. “‘हेतू: प्रदेश पाहणे.’ अगं, याच प्रदेशात जन्मलीस तू. तुझ्या बाप्तिस्म्याची कॉफी प्यायलेय मी.”

“तेव्हा नीट पाहिला नव्हता. आता पाहते.”

“पाहायला निघालेल्या माणसाचं तोंड असं नसतं. दात काढून घ्यायला आल्यासारखी उभी आहेस.”

आर्विड्सयौरच्या विमानतळावर भाड्याच्या गाड्यांचं काउंटर एवढं एकच, आणि त्यामागे गेली वीस वर्षं गुनवॉर. फेब्रुवारीत तिच्याकडे गाडी शिल्लक राहणं अवघडच. जर्मनीतले इंजिनिअर या दिवसांत नव्या गाड्या गोठलेल्या तळ्यांवर पळवून बघायला येतात आणि गावातल्या खाटा, खुर्च्या, मेकॅनिक, गाड्या, सगळं त्यांच्याकडे जातं. उरली होती ती एक छोटी पांढरी गाडी. दोन्ही दारांवर कंपनीचं नाव नारिंगी अक्षरांत, लांबूनही वाचता येईल असं. इथल्या माणसाने ती घेऊन फिरणं म्हणजे गावात घर असताना हॉटेलात राहायला जाणं. लोक आधी हसतात, मग घरी काय झालं म्हणून विचारतात.

पण रिस्टेनकडे दुसरा उपाय नव्हता. तिच्या पिकअपचा गिअरबॉक्स गेला होता आणि गॅरेजवाल्याने अठरा तारखेनंतर बघू म्हणून सांगितलं होतं. काकाची पिकअप चारा वाहण्यात अडकलेली. बर्फावरची स्कूटर हमरस्त्यावर चालत नाही. आणि अठरा तारीख उजाडेपर्यंत थांबायला तिच्याकडे वेळ नव्हता. वेळ होता उद्या सकाळपर्यंतचा.

“रात्री इंजिन गरम ठेवायची वायर लाव,” गुनवॉरने शेवटी हात उचलला, “आणि सकाळी निघायच्या आधी काढ. दर आठवड्याला एक तरी पाहुणा भिंतीतलं सॉकेट शेपटीसारखं ओढत आणतो.”

“मी पाहुणी नाही.”

“कागदावर आहेस,” गुनवॉर म्हणाली.

*

आर्विड्सयौरहून आरयेप्लोगला जाणारा रस्ता पंच्याऐंशी किलोमीटरचा. दोन्हीकडे पाइनचं जंगल आणि मधूनमधून गोठलेली तळी. हिवाळ्यात रेनडिअर या जंगलात राहतात. खुरांनी बर्फ उकरतात आणि खालचं पांढरट दगडफूल खातात. या वर्षी जानेवारीत दोन दिवस पाऊस पडला आणि तिसऱ्या दिवशी पारा उणे तीसवर उतरला. जमिनीवर गोठलेल्या पाण्याचं असं कवच बसलं की खूर आपटून ते फुटेना. अशा वेळी जनावरं पलीकडच्या जुन्या जंगलाकडे निघतात, जिथे दगडफूल झाडांच्या फांद्यांवरून लोंबतं. वाटेत त्यांना रस्ता लागतो. साफ केलेला, टणक, पोटापर्यंत बर्फात रुतायला न लावणारा. एकदा रस्त्यावर चढली की ती लवकर उतरत नाहीत.

म्हणून रेनडिअरवाली माणसं कचऱ्याची मोठी काळी पिशवी रस्त्याच्या कडेच्या काठीला बांधतात. पिशवी दिसली की ड्रायव्हरने ओळखायचं, जनावरं जवळ आहेत, हळू चला. लोखंडी फलक एका जागी असतो. कळप रोज हलतो. पिशवी खिशात मावते आणि बांधायला अर्धं मिनिट पुरतं.

काढायला मात्र परत तिथे यावं लागतं. तोवर कळप दुसऱ्या तळ्यापाशी गेलेला असतो, त्याच्यामागे माणसं गेलेली असतात, आणि पिशवी तिथेच फडफडत राहते. गेल्या आठवड्यात बिघडलेली पिकअप दुसऱ्या गिअरवर गॅरेजला नेताना रिस्टेनने त्या मोजल्या होत्या. बासष्ट. जीपीएसचे गळपट्टे बांधलेल्या माद्यांचे ठिपके फोनवर दिसत होते, त्यावरून त्या बासष्टपैकी साठ ठिकाणी तरी एकही जनावर नव्हतं.

उमेओला दोन वर्षं जीवशास्त्र शिकून ती परत आली होती. पदवी अर्धी राहिली, पण मोजायची सवय लागली ती लागलीच. जी खूण रोज, सगळीकडे, कशासाठीही दिसते, ती काहीच सांगत नाही, हे समजायला खरं तर पदवी लागतही नाही. सिक्स्टेनला ते पदवीशिवाय समजलं होतं.

सिक्स्टेन ओंडक्यांचा ट्रक चालवायचा. गेल्या फेब्रुवारीत सत्तेचाळीसाव्या किलोमीटरला त्याच्या ट्रकखाली नऊ माद्या गेल्या. नऊच्या नऊ गाभण. पोलिसांचा फोन आल्यावर रिस्टेन आणि आंतेकाका तिथे पोचले, तेव्हा तो केबिनच्या पायरीवर टोपी हातात धरून बसला होता. उणे चोवीसमध्ये उघड्या डोक्याने. दोन माद्या अजून जिवंत होत्या. काकाने सुरी काढली आणि त्यांचं काम संपवलं. मग दोघांनी मिळून प्रत्येकीचे कान पाहिले, त्यांवर कापलेल्या खुणांवरून कोणाच्या घरची कोणती ते लिहून घेतलं.

“पिशवी दिसली नाही तुला?” काकाने विचारलं होतं.

“दिसली,” सिक्स्टेन म्हणाला होता. “नोव्हेंबरपासून रोज दोनदा दिसतेय.”

ती पिशवी रिस्टेनने बांधली होती. नोव्हेंबरात कळप तिथे चार दिवस होता.

त्या गोष्टीला वर्ष झालं. या महिन्याच्या सुरुवातीला मंडळाच्या सभेत, म्हणजे एकत्र कळप राखणाऱ्या सगळ्या घरांच्या सभेत, ती उठून म्हणाली की जुन्या पिशव्या सगळ्या काढू या. आंतेकाका मंडळाचा अध्यक्ष. त्याने तिला पुरतं बोलू दिलं आणि मग म्हणाला, “पिशवी असली तर बिघडतं काय? एखादा तरी हळू जाईल. आणि पंच्याऐंशी किलोमीटर काठ्या पुसत फिरायला कोणाला वेळ आहे? तुला आहे?”

लोक हसले. पाठीमागून कोणीतरी म्हणालं, “तिची तर गाडीच बंद पडलीय.”

त्यानंतर गळपट्ट्यांचे ठिपके रोज दोन-दोन किलोमीटर रस्त्याकडे सरकू लागले होते. आज सकाळी ते एकसष्टाव्या किलोमीटरच्या वर, डोंगराच्या उतारावर होते; उद्या सकाळी रस्त्यावर उतरणार. कळपात माद्या किती ते इथे विचारायचं नसतं, बँकेत पैसे किती हे विचारल्यासारखं होतं. या वर्षी जवळजवळ सगळ्या गाभण होत्या एवढं सांगितलं तरी पुरे.

*

पहिली पिशवी चौथ्या किलोमीटरला होती. साडेआठ वाजले होते, उजाडून फार वेळ झाला नव्हता आणि उणे सव्वीस होतं. रिस्टेनने गाडी कडेला घेतली, धोक्याचे दिवे लावले आणि खाली उतरली.

तिने स्वतःसाठी एक नियम केला होता. पिशवीला हात लावायच्या आधी दोन्ही दिशांना दोनशे पावलं चालायचं आणि कडेच्या बर्फात ताजे ठसे किंवा लेंड्या आहेत का बघायचं. गळपट्टे सगळ्या माद्यांना नसतात, सात-आठ जणींनाच असतात. चुकार जनावरं कुठेही असू शकतात. काही सापडलं नाही तरच पिशवी काढायची, आणि वहीत वेळ लिहायची.

ठसे नव्हते. पिशवीचा काळा रंग उडून राखाडी झाला होता, अर्धी वाऱ्याने फाटून गेली होती. गाठ दगडासारखी गोठलेली. हातमोजा काढून ती सोडवायला गेलं तर बोटं दहा सेकंदांत बधिर होत होती. तिने सुरी काढली. प्लॅस्टिक काचेसारखं मोडलं.

एक.

दहाव्या पिशवीपर्यंत तिला कामाची लय सापडली होती. थांबणं, चालणं, बघणं, कापणं, लिहिणं. एका पिशवीला सहा मिनिटं. हिशोब केला तर एकसष्टाव्या किलोमीटरला पोचेपर्यंत अंधार पडणार होता, आणि अंधारात ठसे दिसत नाहीत. मग ती पावलं चालण्याऐवजी धावू लागली. जाड बुटांत, कडेच्या मऊ बर्फात, तोंडावर रुमाल घट्ट बांधून. रुमालावर श्वासाचं बर्फ जमलं.

इंजिनिअरांच्या गाड्या, अंगावर काळ्यापांढऱ्या नक्षीचं वेष्टन घातलेल्या, सूं करून बाजूने गेल्या. एकीतल्या माणसाने हात हलवला. पाहुणा पाहुण्याला हलवतो तसा.

एकोणतिसाव्या किलोमीटरला तिला ठसे सापडले. तीन जनावरांचे, काल रात्रीचे, रस्ता ओलांडून दक्षिणेकडे गेलेले. फोनवर तिथे एकही ठिपका नव्हता. रिस्टेन ठशांपाशी उकिडवी बसली. धावण्याच्या भरात आपण एखाद्या ठिकाणी असे ठसे चुकवले तर नाहीत ना? तिने वही उघडली, मागच्या वीस नोंदींची यादी पाहिली. मग गाडी वळवली, आणि ज्या दोन ठिकाणी धावताना पावलं पुरी मोजली नव्हती तिथे परत जाऊन मोजली. काही नव्हतं. त्यात पाऊण तास गेला.

एकोणतिसाव्या किलोमीटरची जुनी पिशवी तिने काढली आणि तिथे दोन नव्या बांधल्या, एक येणाऱ्यांसाठी, एक जाणाऱ्यांसाठी. नवी पिशवी चकचकीत होती, फुगून वाऱ्यात डोलत होती. माणूस उभा असल्यासारखी.

*

अडतिसाव्या किलोमीटरला तळ्याकाठी चार घरं आहेत. तिथली पिशवी ती कापत होती तेवढ्यात मागून बर्फावर धातू घासल्याचा आवाज आला. एक म्हातारा ढकलायच्या घसरगाडीवर एक पाय ठेवून, दुसऱ्याने जोर मारत, तिच्याकडे येत होता. कानटोपी एका कानावरून सुटलेली.

“थांबा!” तो इंग्रजीत ओरडला. “हे... नाही घ्यायचं! आठवण म्हणून... घरी... नाही न्यायचं! समजलं?”

रिस्टेन वळली. रुमाल, टोपी आणि पापण्यांवरचं बर्फ यांतून तिचे फक्त डोळे दिसत होते.

“ही पिशवी, कचरा नाही!” म्हातारा जवळ येऊन थांबला आणि दोन्ही हात डोक्यावर फांद्यांसारखे उभारून दाखवले. “रेन-डिअर! मोठा प्राणी! गाडी... धडाम!”

“एव्हर्ट,” तिने रुमाल खाली ओढला, “मी रिस्टेन.”

म्हाताऱ्याचे हात डोक्यावरच राहिले. “आंतेची पुतणी?”

“हो.”

“मग या गाडीत काय करतेस? घरी सगळं ठीक आहे ना?”

“ठीक आहे. जुन्या पिशव्या काढतेय. इथे जनावरं नाहीत.”

“असं होय.” एव्हर्टने हात हळूहळू खाली घेतले. “मग जरा घोटाळा झालाय. मी खिडकीतून तुझा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. ‘सावधान, पिशव्या चोरणारा पर्यटक’ असं लिहून. आणि आंतेला फोन केला.”

“फोटो काढून टाक ना मग.”

“ते मला येत नाही गं. टाकायचं तेवढं नातीने शिकवलंय. ती रविवारी येते.”

रिस्टेनच्या खिशातला फोन वाजला. काका होता.

“ऐक,” काका घाईत बोलत होता, मागे स्कूटरचं इंजिन धडधडत होतं. “कुठे आहेस तू? एव्हर्टच्या घरापाशी कोणी पांढऱ्या भाड्याच्या गाडीतला येडा आपल्या पिशव्या काढतोय. जवळ असशील तर जाऊन पकड त्याला.”

“पकडलंय,” रिस्टेन म्हणाली.

“शाब्बास. कुठला आहे?”

“इथलाच. मीच आहे, काका.”

इंजिन बंद झालं. एव्हर्ट तळ्याकडे बघू लागला, जणू तिथे काही चाललंय.

“किती काढल्यास?”

“सव्वीस.”

“सगळ्या आपल्या घरच्या?”

“नाही. सगळ्यांच्या.”

“दुसऱ्याच्या पिशवीला हात लावलास?” आता त्याचा आवाज खाली आला होता, आणि तो खाली आला की घरातले सगळे गप्प बसत. “ज्याने बांधली त्याने काढायची. हे तुला मी सांगायला हवं?”

“ज्याने बांधली तो काढत नाही. मीही काढली नव्हती.”

“परत लाव.”

“नाही.”

“रिस्टेन, उद्या पहाटे आम्ही तिघं कळपाच्या मागे आहोत. त्याने एकसष्टला रस्ता नीट ओलांडला तर ठीक. पण जनावर आहे ते. चाळीसला उतरलं, पन्नासला उतरलं, आणि तू काढलेल्या पिशवीच्या जागी एक जरी मेलं, तर सभेत नाव तुझं घेतलं जाईल. मी घेईन. पुतणी म्हणून गप्प बसणार नाही.”

“घे,” ती म्हणाली. “मी प्रत्येक ठिकाणी ठसे बघितलेत. वेळेसकट लिहिलंय. सभेत वही घेऊन येईन.”

“आणि कोणी मागितली वही?”

फोन पलीकडून बंद झाला.

“रागावला?” एव्हर्टने विचारलं.

“हो.”

“कॉफी घेतेस?”

“वेळ नाही, एव्हर्ट.”

“मग बन तरी घे.” त्याने खिशातून रुमालात बांधलेला वेलचीचा बन काढला. तो पत्रांच्या पेटीपर्यंत जाताना स्वतःसाठी ठेवत असावा. तिने गाडी चालवतच तो खाल्ला. अर्धा गोठलेला होता.

*

सत्तेचाळीसाव्या किलोमीटरला ती पोचली तेव्हा दोन वाजत आले होते आणि उजेड पिवळा होऊ लागला होता.

वर्षभर ती या जागेवरून जाताना डावीकडे, तळ्याकडे बघायची. उजवीकडच्या काठीवर तिची पिशवी अजून होती. एक वर्ष तीन महिने. खालचा भाग उडून गेला होता, फक्त गाठ आणि हातभर चिंध्या. दुहेरी फास घेऊन टोक आत खोवलेली गाठ. ती वडिलांनी शिकवली होती. कासऱ्याला मारायची गाठ, ओढलं की आवळत जाणारी.

तिने दोन्हीकडे दोनशे पावलं चालून पाहिलं. धावली नाही. इथे बर्फात काहीच नव्हतं. फक्त एका सशाचा माग.

गाठ कापता आली असती. तिने हातमोजा काढला, गाठ मुठीत धरून तोंडाने वाफ दिली, टोक दाताने ओढलं. बोटं बधिर झाली की मूठ काखेत धरायची, मग परत. अकरा मिनिटं लागली. वहीत तिने नेहमीसारखी वेळ लिहिली आणि त्यापुढे काही लिहिलं नाही.

एकसष्टाव्या किलोमीटरला तिने दोन नव्या पिशव्या बांधल्या. एक वळणाच्या अलीकडे, एक पलीकडे, उतार संपतो त्याच्या बऱ्याच आधी. भरलेल्या ट्रकला गोठलेल्या रस्त्यावर थांबायला किती अंतर लागतं ते तिने गेल्या वर्षी सिक्स्टेनच्या टायरांच्या खुणांवरून पावलांनी मोजलं होतं. दोनशे साठ. तिने चारशे मोजून बांधली. मग आरयेप्लोगपर्यंतच्या उरलेल्या, अंधार पडल्यावरही, काढल्या. शेवटच्या सहा ठिकाणी हेडलाइट बर्फाच्या पातळीवर आडवे पडतील अशी गाडी वळवून उभी केली. तिरप्या उजेडात ठसे दिवसापेक्षा जास्त स्पष्ट दिसतात, हे तिच्या आधीच का लक्षात आलं नाही याचा तिला राग आला.

मागच्या सीटवर आणि डिकीत बासष्ट पिशव्यांचा ढीग. गाडीत ओल्या प्लॅस्टिकचा वास सुटला होता.

*

सकाळी सव्वाआठला ती एकसष्टच्या वळणापाशी होती. आकाश स्वच्छ, वारा नाही. फोनवरचे ठिपके रस्त्यापासून सहाशे मीटरवर आले होते, आणि जंगलात वर कुठेतरी स्कूटरींचा बारीक आवाज येत होता.

जागा दोन होत्या आणि ती एक. आर्विड्सयौरच्या बाजूने येणाऱ्यांना वळणामुळे काहीच दिसत नव्हतं, म्हणून पांढरी गाडी तिने त्या बाजूला, दिवे लुकलुकत, उभी केली. आरयेप्लोगच्या बाजूला उतार होता आणि फक्त पिशवी होती. तिने काकाला विचारलं होतं, एक माणूस त्या बाजूला देतोस का? काकाने दोन शब्दांचा निरोप पाठवला होता. ‘माणूस नाही.’

पहिली मादी आठ चाळीसला झाडांतून बाहेर आली. राखाडी, मोठ्या पोटाची, एक शिंग मोडलेली. ती कडेच्या बर्फाच्या ढिगावर चढली, रस्ता हुंगला आणि उतरली. तिच्यामागे दुसरी, मग पाच, मग मोजता येणार नाहीत इतक्या. खुरांचे सांधे चालताना वाजतात तसा टिकटिक आवाज रस्ताभर पसरला. त्या ओलांडत नव्हत्या. रस्त्यावर उभ्या राहिल्या, इकडेतिकडे फिरल्या, काही जणी खाली बसल्याही.

आर्विड्सयौरकडून एक गाडी आली. वेष्टनातली, इंजिनिअरची. रिस्टेनने हात आडवा केला, ती थांबली. चालकाने काच खाली केली, जनावरांकडे पाहिलं, इंजिन बंद केलं.

आणि तेव्हा तिला दुसऱ्या बाजूचा आवाज ऐकू आला.

भरलेला ट्रक वर चढताना घुमतो आणि उतरू लागला की आवाज बदलतो. तो बदल तिने ओळखला. ट्रक माथ्यावर होता. पिशवी माथ्यानंतर ऐंशी पावलांवर. तिथपर्यंत धावून जायला तिला चार मिनिटं लागली असती. ट्रकला इथे पोचायला तीस सेकंद. तरी ती धावली. जनावरांच्या मधून, हात पसरून, ओरडत. माद्या बाजूला झाल्या आणि तिच्यामागे परत एकत्र आल्या. रस्त्याच्या मधोमध, उताराच्या पायथ्याशी ती उभी राहिली आणि वर बघत राहिली. आवाज येत होता. इंजिनाच्या ब्रेकची घरघर, लांब, एकसारखी.

मग ती घरघर खाली खाली गेली.

ट्रक माथ्याच्या अलीकडे दिसला तो माणसाच्या चालीने येत होता. सगळे दिवे लावलेले. तिच्यापासून पन्नास मीटरवर तो फुस्स करून थांबला आणि दार उघडलं. सिक्स्टेन खाली उतरला. त्याची दाढी या वर्षात पांढरी झाली होती.

“तूच ना ती?” तो म्हणाला. “पिशव्या चोरणारी.”

तिने फक्त मान हलवली.

“काल संध्याकाळपासून पेट्रोल पंपावर दुसरा विषय नाही. एव्हर्टने फोटो टाकलाय. सगळे म्हणत होते, पर्यटकांनी आता पिशव्याही सोडल्या नाहीत. म्हटलं बघू या तरी, खरंच गेल्यात का.” त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. “आरयेप्लोगपासून काठ्या बघत आलो. एकही नाही. चोवीस किलोमीटर एकही नाही. आणि मग अचानक ही एक, नवीकोरी. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला बघ.”

तो जनावरांकडे बघत राहिला. एक मादी ट्रकच्या बंपरचं मीठ चाटायला आली होती. सिक्स्टेनने तिला हाकललं नाही.

“गाभण आहेत?” त्याने हळूच विचारलं.

“हो.”

“थांबतो मी. घाई नाही.”

पस्तीस मिनिटं लागली. स्कूटरी वरून खाली आल्या, तिघांनी मिळून कळप पलीकडच्या झाडांत लोटला, पुढारी मादी एकदाची निघाली तशा बाकीच्या तिच्यामागे एका ओळीत गेल्या. शेवटचं जनावर दिसेनासं झालं तेव्हा सिक्स्टेनने भोंगा न वाजवता हात केला आणि गेला. इंजिनिअरही गेला.

आंतेकाका स्कूटरवरून उतरून रस्त्यावर आला. त्याच्या मिशा गोठल्या होत्या. त्याने रस्त्यावर खाली बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जसं काही सांडलंय का ते बघावं. लेंड्यांशिवाय काही नव्हतं.

“हं,” तो म्हणाला.

“या दोन पिशव्या आता काढायच्या,” रिस्टेन म्हणाली.

“आता? अगं, रात्री फिरून परत आल्या तर? राहू दे आठवडाभर. उद्या-परवा कोणीतरी काढेल.”

तिने फोन पुढे केला. ठिपके जुन्या जंगलाच्या आत शिरले होते आणि थांबले होते. “खायला सापडलंय त्यांना. परत आल्या तर परत बांधू, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पण आत्ता इथे जनावर नाही, तर आत्ता इथे पिशवी नको.”

“तू ना, अगदी बापावर गेलीस. त्याला पण एक गोष्ट दोनदा सांगावी लागायची नाही, आणि सांगितली तरी तो ऐकायचा नाही.”

“मी खालची काढते. वरची तू काढ.”

“मी?” काका म्हणाला. “बांधली तू.”

“हो. म्हणून मी तुला सांगतेय. माझी परवानगी आहे.”

काकाने तिच्याकडे पाहिलं. मिशांखाली काही हललं, पण ते हसू की शिवी हे कळायच्या आत तो वळला होता. चढावर तो हळू चालत गेला. गुडघा दुखत असला की डावा पाय जरा बाहेर टाकतो तसा. रिस्टेनने खालची पिशवी काढली, घडी घातली, वहीत वेळ लिहिली: नऊ वाजून सत्तावीस. मग ती गाडीत बसून वाट पाहू लागली. मदतीला गेली नाही.

तो बऱ्याच वेळाने आला. पिशवी त्याच्या हातात होती, अख्खी, गाठ सोडवून काढलेली. गाडीच्या मागच्या काचेतून त्याने आतला राखाडी ढीग पाहिला. दार उघडून वरची एक चिंधी उचलली, गाठ उलटीपालटी करून बघितली, ठेवली. दुसरी उचलली.

“ही माझी,” तो म्हणाला. “गेल्या नाही, त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली.”

“असेल.”

“तळ्यापलीकडे जो फाटा फुटतो ना, लाकूडतोड्यांच्या रस्त्याचा, तिथे अजून अकरा आहेत. तिथेही सगळ्या मीच बांधल्यात.” त्याने स्कूटरवाल्या दोघांना हात करून पुढे व्हायला सांगितलं, दाराला पाय आपटून बुटांचं बर्फ झाडलं आणि तिच्या शेजारच्या सीटवर गुडघे दुमडून, कसाबसा बसला.

“चल,” तो म्हणाला. “आणि आधी ठसे बघायचे कसे, ते दाखव.”